कुकरमधलं पुल्ड पोर्क आणि पाव : कोकणातल्या स्वयंपाकघरासाठी

प्रेशर कुकर मांस मऊ करतो. त्याला रंग आणणं, धुराचा वास लावणं आणि रस आटवणं ही कामं त्याच्याने होत नाहीत. कुकरमध्ये पुल्ड पोर्क, म्हणजे शिजवून धागे सुटे केलेलं डुकराचं मांस, करून हिरमुसणारे बरेच जण इथेच फसतात. सगळं एकदम आत टाकतात, शिट्ट्या मोजतात आणि झाकण उघडल्यावर फिकट, पाणचट, उकडलेलं मटण हाती येतं. म्हणून या कृतीत कुकरचं काम फक्त मधलं आहे. आधी परतणं झाकणाशिवाय, आणि नंतर आटवणं, धुरी देणं, तव्यावर खरपूस करणं हे सगळं बाहेर. मांस मुरवण्याचा वेळ सोडून सगळं मिळून अडीच तास धरा. त्यातला निम्म्याहून जास्त वेळ नुसतं थांबायचं असतं.

मूळ पदार्थ अमेरिकेच्या दक्षिण भागातला. तिथे डुकराचा खांदा लाकडाच्या मंद धुरावर, साधारण 110 ते 120 अंश सेल्सिअसला, आठ-दहा तास किंवा त्याहूनही जास्त ठेवतात आणि मग नुसता ओढून त्याचे धागे सुटे करतात. सॉस मुलखाप्रमाणे बदलतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या पूर्व भागात व्हिनेगर, मीठ आणि लाल मिरची, बस्स. त्याच राज्यात पश्चिमेला, लेक्सिंग्टनच्या बाजूला, त्यात टोमॅटो येतो. डुक्कर, व्हिनेगर, मिरची ही सोयरीक गोव्याच्या शेजाऱ्यांना नवी नाही. त्यामुळे वेंगुर्ले-सावंतवाडीकडे बसून हा पदार्थ करताना परदेशी बाटल्या मागवायची गरज पडत नाही. काकवी आहे, माडीचं व्हिनेगर आहे, कोकमाचं आगळ आहे आणि धुरासाठी करवंट्यांचा ढीग मागीलदारी पडलेलाच असतो.

मटण : खांदाच हवा

खांद्याचं मांस सतत काम करणारं. त्यात चरबीचे पदर असतात आणि मांसाचे धागे बांधून ठेवणारा चिवट पांढरा भाग, म्हणजे कोलॅजेन, भरपूर असतो. तोच चिवटपणा उष्णतेने विरघळून जिलेटिन होतो आणि ओढलेल्या मांसाला तो ओशट ओलावा येतो. पाठीचं मऊ, स्वच्छ, बिनचरबीचं मांस महाग असलं तरी इथे निरुपयोगी. त्यात विरघळायला काही नसतं, म्हणून कुकरमध्ये ते कोरडं पडतं. मांडी एक वेळ चालेल, पण मग थोडी चरबी वेगळी मागून घ्या.

सिंधुदुर्गात ख्रिस्ती वस्तीच्या आसपास पोर्क मिळतं, बहुतेक ठिकाणी रविवारी सकाळी. उत्तरेला वसईकडेही तेच. आदल्या दिवशी सांगून ठेवणं उत्तम. जून-जुलैत, 1 जून ते 31 जुलै अशी मासेमारीबंदी असताना, एरवी मासळी घेणारं गिऱ्हाईकही मटणाच्या रांगेत येतं, तेव्हा तर नक्कीच सांगा. सीमेजवळ राहणाऱ्यांना बांद्यावरून म्हापसा फार लांब नाही. शुक्रवारच्या बाजाराला गेलात तर पावाचंही काम होऊन जातं. कोणी गुपचूप रानडुकराचं मटण देतो म्हणाला तर मात्र वळू नका. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, आणि त्या मांसाची तपासणी कोणी केलेली नसते.

दुकानात खरी अडचण वेगळीच असते. आपल्याकडे मटण म्हटलं की विक्रेत्याचा कोयता आपोआप रश्शाचे तुकडे करू लागतो, कातडी-हाडासकट, इंचभराचे. त्या तुकड्यांचे धागे निघत नाहीत, भुगा निघतो. म्हणून वजन करायच्या आधीच बोला : ‘खांद्याचो मोठो तुकडो दी, बारीक करू नको.’ हाड असलं तर राहू दे, रसाला चव येते. कातडी मात्र काढून घ्या. ती कुकरमध्ये गिळगिळीत होते आणि पावात घालण्यासारखी राहत नाही. टाकूही नका, सोरपोतेल (गोव्याकडचा पोर्कचा आंबट-तिखट पदार्थ) करणारं कोणी ओळखीचं असेल तर ते खुशीने नेईल.

आठ ते दहा पावांना बिनहाडाचं एक किलो किंवा हाडासकट सव्वा किलो पुरतं. शिजल्यावर वजन तिसऱ्या हिश्श्याने तरी घटतं, तेव्हा एक किलोतून साडेसहाशे ग्रॅमच्या आसपास हाती येईल असं धरा. गावठी डुकराचं मांस गडद आणि चिवट, फार्मवरच्याचं फिकट गुलाबी आणि चरबीदार. दोन्ही चालतात, शिजायचा वेळ तेवढा वेगळा.

आदल्या रात्री

मांसाचे मुठीएवढे तुकडे करा, सात-आठ सेंटिमीटरचे. कापण्याआधी धागा कुठल्या दिशेने जातो ते बघा. तुकड्याची लांबी म्हणजे पुढे तुमच्या धाग्याची लांबी, त्यामुळे धाग्याला आडवे काप जितके कमी तितकं बरं. जाड चरबीचा थर अर्ध्या सेंटिमीटरवर आणा.

एका किलोला 15 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट अडीच चहाचे चमचे. शिवाय दोन चमचे बेडगी मिरचीची पूड, एक चमचा जिरेपूड, एक चमचा जाडसर कुटलेली मिरी आणि अर्धा चमचा मोहरीची पूड. हे सगळं मांसाला नीट चोळून झाकून फ्रीजमध्ये ठेवा. रात्रभरात मीठ आतपर्यंत उतरतं. सकाळी आणून दुपारीच करायचं असेल तर निदान दोन तास द्या.

इथे हात मालवणी मसाल्याच्या डब्याकडे जातो. आवरा. धणे, बडीशेप, लवंग, दगडफूल आलं की जे होईल ते पोर्क सुकं होईल. ते उत्तमच लागतं, पण आज त्याचा बेत नाही. या पदार्थात मांसाची चव पुढे आणि आंबट-गोड-तिखट मागे, असा क्रम आहे.

कच्च्या मांसाची पाटी आणि सुरी लगेच गरम पाण्याने साबण लावून धुवा. पुढे कोबी चिरायचा आहे, तो त्याच पाटीवर नको.

कुकर

एक किलोला पाच लिटरचा कुकर बरोबर. मांस आणि पाणी मिळून दोन-तृतीयांशाच्या वर जाता कामा नये. शिट्टीचं भोक उजेडाकडे धरून मोकळं आहे का बघा आणि रबरी रिंग ताठ झाली असेल तर बदला. हा कुकर चाळीस मिनिटं चालायचा आहे, वरण-भातासारखा दहा मिनिटांत उतरायचा नाही. रिंगला पोर्कचा वास धरतो आणि दुसऱ्या दिवशी वरणाला येतो, म्हणून पोर्कसाठी एक जादा रिंग वेगळी ठेवावी. काही घरांत तर पोर्कचा कुकरच वेगळा असतो आणि तो मागच्या पडवीतल्या शेगडीवरच चढतो. तिथे रिंगचा प्रश्नच मिटला.

धातूकडेही लक्ष असू द्या. व्हिनेगर आणि कोकम दोन्ही आंबट. साध्या ॲल्युमिनियमच्या कुकरमध्ये ती घालून इतका वेळ शिजवलं तर धातूची चव उतरते. स्टीलचा कुकर असेल तर दोन मोठे चमचे व्हिनेगर सुरुवातीलाच घाला. ॲल्युमिनियमचा असेल तर सगळं आंबट नंतर, सॉसमध्ये, वेगळ्या भांड्यात.

परतणं

मांस फ्रीजमधून अर्धा तास आधी काढा आणि वरची ओल कापडाने किंवा कागदाने टिपून घ्या. ओलं मांस तापलेल्या भांड्यात आधी उकडतं, मग कधीतरी भाजतं. कुकरच्या तळात एक मोठा चमचा तेल चांगलं तापवा आणि तुकडे दोन खेपांत टाका, खच्चून भरू नका. टाकल्यावर तीन-चार मिनिटं हलवू नका. तयार झालेली बाजू आपण होऊन तळ सोडते. ओढावं लागत असेल तर अजून वेळ आहे. दोन बाजू गडद तपकिरी झाल्या की पुरे. ही तांबूस खरपूस चव शंभर अंशांच्या बऱ्याच वर आणि कोरड्या पृष्ठभागावरच येते. कुकरच्या वाफेत ती पुढे कधीच येणार नाही.

तुकडे काढून त्याच तेलात दोन मोठे कांदे उभे चिरून आणि दहा लसूणपाकळ्या ठेचून टाका. कांदा मऊ झाला की दीड वाटी, म्हणजे साधारण 300 मिली पाणी ओता आणि लाकडी उलथन्याने तळाला चिकटलेलं सगळं खरवडून सोडवा. तळ हाताला गुळगुळीत लागेपर्यंत खरवडा. तिथे मसाल्याचा थर राहिला तर झाकण लावल्यावर तोच करपतो आणि करपट वास अख्ख्या रसात शिरतो. याच कारणासाठी गूळ, काकवी, केचप यांपैकी काहीही आत्ता घालायचं नाही. साखर तळाला बसते आणि जळते. पाणीही यापेक्षा फार वाढवू नका, मांस स्वतःचं बरंच सोडतं.

शिट्ट्या मोजू नका, घड्याळ बघा

तुकडे कांद्यावर रचा, झाकण लावा, मोठ्या आचेवर ठेवा. पहिली शिट्टी आली की आच अगदी बारीक करा आणि तिथून 40 मिनिटं लावा. गावठी मांस असेल तर 50.

शिट्ट्यांचा हिशोब इथे फसवा आहे. शिट्टी किती वेळा वाजते ते आचेवर, कुकरच्या आकारावर आणि आतल्या मोकळ्या जागेवर ठरतं, मांस किती शिजलं यावर नाही. मोठ्या आचेवर दहा मिनिटांत आठ शिट्ट्या होतात, पाणी उडून जातं आणि मांस कच्चंच राहतं. आच बरोबर असेल तर शिट्टीच्या बुडाशी बारीक ‘सूं’ ऐकू येतं, वाफेचा एखादा धागा दिसतो आणि मधूनच कधीतरी ती एकदा वाजते. घरगुती कुकरमध्ये दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट असतो, त्यामुळे पाणी 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. कोलॅजेन विरघळण्याचा वेग तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो, म्हणून धुरावरचं दिवसभराचं काम इथे पाऊण तासात उरकतं. आच मोठी ठेवून हा वेळ आणखी कमी होत नाही. दाब शिट्टी ठरवते, जादा गॅस नुसता वाफ बनून बाहेर जातो.

विजेवरचा प्रेशर कुकर असेल तर दहा-पंधरा मिनिटं जास्त द्या, त्यातला दाब बहुधा गॅसवरच्या कुकरपेक्षा कमी असतो.

वेळ झाली की गॅस बंद करा आणि हात लावू नका. वीस मिनिटांत दाब आपला आपण उतरेल. चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडायची सवय इथे महागात पडते. बाहेरचा दाब एकदम पडला की मांसाच्या आतलं पाणी जागच्या जागी उकळून वाफ होऊन निघून जातं आणि धागे कोरडे, दोरीसारखे होतात. ओलावा टिकवायचा तर ही वीस मिनिटं हवीतच.

शिजलं का?

झाकण उघडून सगळ्यात मोठ्या तुकड्यात काटा खुपसा आणि मनगट फिरवा. तुकडा धाग्याधाग्याने उमलला पाहिजे, आणि हाड असेल तर ते ओढल्याबरोबर स्वच्छ निघून आलं पाहिजे. काटा जातो पण मांस फुटत नाही, रबरासारखं परत येतं, म्हणजे अजून कच्चं. तळाशी वाटीभर तरी पाणी आहे ना हे बघून पुन्हा दहा मिनिटं दाबाखाली ठेवा. उलट, काटा लावायच्या आधीच त्याचा लगदा झाला असेल तर पुढच्या वेळी वेळ कमी करा. लगद्याला उपाय नाही. त्यातही तव्यावर खरपूस केलं की पावात खपून जातं.

तुकडे परातीत काढा, दहा मिनिटं निवू द्या आणि दोन काट्यांनी, किंवा सोसत असेल तर बोटांनी, धाग्याच्या दिशेने सोडवा. चरबीचे घट्ट गोळे आणि कुर्चा काढून टाका, मऊ चरबी मांसातच चोळून जिरवा. फार बारीक करत बसू नका. काही जाड धागे, काही बारीक, एखादा अखंड तुकडा, असं खाताना बरं वाटतं. मिक्सरचं तर नावच नको.

रस आणि सॉस

कुकरमधला रस गाळून उंच भांड्यात दहा मिनिटं ठेवा. चरबी वर येईल, ती पळीने काढून वाटीत जपून ठेवा, लगेच लागणार आहे. खालचा रस स्टीलच्या कढईत मोठ्या आचेवर आटवून सुमारे एक वाटी करा. मग घाला :

काकवी तीन मोठे चमचे (नसेल तर तेवढाच किसलेला गूळ)
टोमॅटो केचप तीन मोठे चमचे, किंवा दोन पिकलेले टोमॅटो किसून
माडीचं किंवा साधं व्हिनेगर दोन मोठे चमचे
कोकमाचं आगळ एक मोठा चमचा
मोहरीची पूड अर्धा चहाचा चमचा
जाडसर कुटलेली सुकी मिरची, आवडीप्रमाणे

मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजवा. पळीच्या मागच्या बाजूला पातळ थर धरून राहिला की झालं. मीठ अगदी शेवटी चाखून बघा. रस आटताना खारट होत जातो आणि आगळात मीठ असतंच, बहुधा वरून घालावंच लागत नाही. अमेरिकेत ज्या जागी मळी म्हणजे मोलॅसिस वापरतात तिथे काकवी चपखल बसते, आणि ती मोलॅसिसइतकी कडवटही नसते. कोकमाबद्दल माझं मत ठाम आहे : व्हिनेगराला नाकात चढणारा तिखटपणा आहे, कोकमाला गोलाई आहे, दोन्ही हवीत. नुसत्या आगळावर केलंत तर सॉस सोलकढीच्या वळणावर जातो. जिभेवर आधी आंबट, मग गोड, मग मिरची असा क्रम लागला की सॉस जमला.

अर्धा सॉस मांसात कालवा, उरलेला पानावर वाढायला ठेवा.

धुरी आणि तवा

धुरी ऐच्छिक आहे, पण एकदा दिलीत तर दर वेळी द्याल. करवंटीचा मोठा तुकडा गॅसवर धरला की सुरुवातीला काजळीची भडक ज्योत येते. हे अंगणात किंवा खिडकी उघडून करा. ज्योत विझून तुकडा सगळीकडून लाल निखारा झाला की मांसाच्या पातेल्यात मधोमध छोटी स्टीलची वाटी ठेवून त्यात तो सोडा. वरून तुपाऐवजी मघाची काढलेली चरबी अर्धा चमचा टाका आणि झटकन झाकण घाला. पाच मिनिटं. जास्त ठेवलंत तर धुराचा कडवटपणा उतरतो. ज्योत चालू असतानाच करवंटी आत ठेवली तर काजळीचीच चव येईल.

आता घावण्यांचा बिडाचा तवा. चांगला तापवून त्यावर चरबीचा एक चमचा पसरा, मांसाचा पातळ थर द्या आणि तीन-चार मिनिटं ढवळू नका. कडा चरचरायला लागतात, काकवीचा सुवास येतो, खालची बाजू गडद आणि कुरकुरीत होते. उलथन्याने खरवडून उलटा, पण दुसरी बाजू नुसती गरम होऊ द्या. एक बाजू कुरकुरीत, एक मऊ. धुरावरच्या खांद्याला बाहेरून जी काळी खरपूस साल येते तिची जागा हे भरून काढतं. सगळं मांस एकदम तव्यावर ओतू नका, ओलाव्याने वाफ धरेल. दोन-दोन पावांपुरतं करत जा.

कोबी

वरून मेयोनीजमध्ये बुडवलेला कोबी घालायची पद्धत आहे. आपल्या दमट हवेत मला ती जड वाटते. कोबीचा चौथा हिस्सा अगदी बारीक चिरून अर्धा चमचा मीठ लावा, पंधरा मिनिटांनी घट्ट पिळा, मग उभा चिरलेला कांदा, हिरवी मिरची, चिमूट साखर आणि लिंबू. एप्रिल-मेमध्ये लिंबाऐवजी किसलेली कैरी.

चिरण्याआधी कोबीची बाहेरची पानं काढा आणि आतली सुटी करून वाहत्या पाण्याखाली धुवा. पोर्क म्हटलं की लोकांना फीतकृमीची भीती वाटते. मांसातल्या अळ्या या कुकरमध्ये जगणं शक्य नाही. मेंदूपर्यंत जाणारा आजार मात्र होतो तो या कृमीची अंडी पोटात गेल्याने, आणि ती दूषित पाण्यातून किंवा न धुतलेल्या कच्च्या भाजीवरून येतात. तेव्हा या ताटात काळजी घ्यायची ती कोबीची.

पाव

लादी पाव चालतो, पण रस मुरला की तो हातात कोसळतो. गोव्याकडचा उंडो मिळाला तर तोच घ्या, बाहेरून कडक, आतून मऊ, रस पितो आणि उभा राहतो. आडवा चिरून आतल्या बाजू त्याच तव्यावर लोण्यात भाजा. खाली थोडा सॉस, मग मांसाचा मुठीएवढा ढीग, वर पिळलेला कोबी. कोबी आधीपासून भरून ठेवू नका, पाव चिघळतो. माणसं पानावर बसली की भरा.

उरलं तर

किनाऱ्यावरच्या उकाड्यात शिजलेलं मांस ओट्यावर दोन तासांच्या वर ठेवू नका. थोड्या रसासकट पसरट डब्यात लवकर निववून फ्रीजमध्ये टाका, तीन-चार दिवस टिकतं. फ्रीझरमध्ये दोन महिने चांगलं राहतं, फक्त एका जेवणापुरत्या लहान पुड्या करा. गरम करताना दोन चमचे पाणी किंवा रस घालून झाकण ठेवा, मग तव्यावर. दुसऱ्या दिवशी पाव संपलेला असेल तर घावण्यात गुंडाळून खा, आणि उरलेल्या चरबीत बटाट्याच्या काचऱ्या परता.